घरातले मांजर पुढच्या दारातून निसटू नये यासाठी

बेळगावातील जुन्या गल्ल्यांमध्ये घराचे पुढचे दार सकाळी सडा-रांगोळीसाठी एकदा उघडले की रात्रीची जेवणे उरकेपर्यंत ते सहसा लागत नाही. भरदिवसा दार बंद दिसले, तर घरात कोणी नाही किंवा कोणी आजारी आहे, असाच तर्क शेजारी करतात. अशा घरात मांजर पूर्णवेळ आत ठेवायचे ठरवले, की पहिली अडचण येते ती घराच्या वर्षानुवर्षांच्या सवयीची. मांजराच्या स्वभावाची गोष्ट नंतरची. टिळकवाडी, हिंदवाडी किंवा महांतेशनगरातील स्वतंत्र घरांत आणि नव्या अपार्टमेंटमधील फ्लॅटमध्ये दार बंद असते खरे. पण तेथेही ते दिवसातून अनेकदा उघडते, आणि उघडणाऱ्या माणसाचे लक्ष समोरच्या पाहुण्याकडे, हातातल्या पिशवीकडे किंवा चपलांकडे असते. मांजराचे लक्ष मात्र फटीवर खिळलेले असते.

या लेखातील बहुतेक उपाय एकाच निरीक्षणावर उभे आहेत. दार उघडल्यावर पळायचे, असे मांजर त्या क्षणी ठरवत नाही. जिन्यावरची पावले, फाटकाची कडी किंवा किल्ल्यांचा आवाज ऐकताच ते दाराशी येऊन बसते. दार उघडते तेव्हा त्याची तयारी पूर्ण झालेली असते आणि माणसाची सुरूही झालेली नसते. म्हणून दार उघडल्यानंतर पाय आडवा घालणे, ओरडणे किंवा मागे धावणे यांचा फारसा उपयोग होत नाही. जे करायचे ते दार उघडण्याआधी आणि दाराच्या आतल्या सात-आठ फुटांत करायचे असते.

मांजराला आत ठेवणे म्हणजे त्याला कोंडणे, असा आक्षेप घरातील वडीलधारी मंडळी हमखास घेतात. पूर्वी मांजरे उंदरांसाठी पाळली जात आणि ती घर व परसू दोन्हीकडे हिंडत, हे खरेच आहे. आता अरुंद रस्त्यांवरून दुचाकी वेगाने जातात, भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या रात्री गल्ल्यांत फिरतात आणि उंदरांसाठी ठेवलेले विष खाऊन मेलेला उंदीर मांजराच्या तोंडी लागू शकतो. ऑगस्ट 2022 मध्ये जाधवनगर आणि गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसल्याने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. खानापूर तालुक्यातील जंगलालगतच्या वस्त्यांना बिबट्याचे भय नवे नाही. शहरातल्या मांजराला मात्र बिबट्यापेक्षा दुचाकी आणि कुत्रे यांचाच धोका कितीतरी अधिक असतो.

आधी पशुवैद्यकाकडे

जाळीचा दरवाजा बसवण्याआधी मांजराची नसबंदी झाली आहे का, हे पाहावे. भाटी चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. त्या काळात ती घसा ताणून ओरडते, जमिनीवर लोळते, मागचा भाग उचलून धरते आणि दाराशी घुटमळत राहते. बोक्याशी संयोग झाला नाही तर माज ओसरतो. पण ऋतू अनुकूल असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो, आणि आपल्याकडच्या हवामानात हा अनुकूल काळ वर्षातला बराचसा भाग व्यापतो. बोक्याचे तर विचारूच नये. माजावर आलेल्या भाटीचा वास आणि आवाज दूरवरून ओळखून तो दार, खिडकी, कौले यांतील मिळेल ती वाट शोधतो. शरीराची एवढी ओढ असताना सवयी लावण्याचा प्रयत्न म्हणजे निम्मी मेहनत पाण्यात.

नसबंदी साधारणपणे चार-पाच महिन्यांच्या वयापासून करता येते. नेमकी वेळ मांजराचे वजन आणि प्रकृती पाहून पशुवैद्यक ठरवतात. शस्त्रक्रियेनंतर बोक्याची भटकण्याची ओढ लगेच जात नाही. शरीरातील संप्रेरके ओसरायला काही आठवडे लागतात आणि त्या सुरुवातीच्या काळात तो प्रजननक्षमही असू शकतो, त्यामुळे तेवढे दिवस दाराचा पहारा सैल करू नये. ज्या भाटीने निसटून बोक्याशी संयोग केला आहे, तिची पिल्ले साधारण नऊ आठवड्यांनी होतात. तेव्हा मांजर परत आले म्हणून विषय संपला, असे मानता येत नाही.

त्याच भेटीत रेबीजची लस देऊन घ्यावी. ही लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने पुन्हा देतात. मायक्रोचिपची सोय असेल तर तीही बसवून घेणे चांगले. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसते आणि वाचणाऱ्या यंत्राला 15 अंकी क्रमांक दाखवते. मांजर कोठे आहे हे ती सांगत नाही. सापडलेले मांजर कोणाचे आहे, एवढेच त्या क्रमांकावरून कळते, आणि तेही आपला फोन क्रमांक नोंदलेला असेल तरच. चिप असो वा नसो, गळ्यात हलका पट्टा आणि त्यावर फोन क्रमांक असावा. हा पट्टा ओढ बसताच आपोआप सुटणाऱ्या बकलचा असला पाहिजे, कारण साधा पट्टा जाळीत किंवा फांदीत अडकला तर गळफास लागतो.

दाराची पाहणी आणि दुसरे दार

रात्री घरातले दिवे मालवून एकाने बाहेरून दाराच्या कडेने बॅटरी फिरवावी आणि दुसऱ्याने आतून प्रकाश कोठून येतो ते पाहावे. दाराखालची फट, चौकट आणि भिंत यांमधील पोकळी, ग्रिलच्या गजांतील अंतर या गोष्टी या परीक्षेत पटकन उघड्या पडतात. मांजराच्या गळपट्टीचे हाड सांध्यात पक्के बसलेले नसते, त्यामुळे ज्या फटीतून त्याचे डोके जाते त्या फटीतून उरलेले शरीरही बहुधा जाते. जुन्या ग्रिलच्या गजांत चार-पाच इंचांचे अंतर असते. मोठ्या बोक्यालाही तेवढे पुरते, आणि लहान पिल्लू तर दोन इंचांतूनही सुटते. दाराखाली एक इंचापेक्षा अधिक फट असेल तर तेथे रबराची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी बसवून घ्यावी.

पावसाळा हा आपल्या भागातील वेगळा प्रश्न आहे. जूनमध्ये पाऊस लागला की लाकडी दारे फुगतात, चौकटीला घासतात आणि जोराने ओढल्याशिवाय बंद होत नाहीत. घरातील लहान मुले आणि वृद्ध मग दार नुसते लोटून ठेवतात, किंवा दार लागल्यासारखे दिसते पण कडीची जीभ खोबणीत बसलेली नसते. मांजर पंज्याने असे दार अलगद ओढून उघडते. यावर उपाय उन्हाळ्यातच करावा: सुताराला बोलावून दार कोठे घासते ते दाखवावे आणि तेवढीच कड रंधून घ्यावी. ऐन पावसात रंधा मारून घेतला तर मार्चमध्ये लाकूड आकसते आणि त्याच जागी नवी फट पडते. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडांना सहसा रंग लावलेला नसतो, आणि ओल बरीचशी तेथूनच शिरते. या दोन कडांना वार्निश किंवा तेलरंग लावला तर दार फुगणे बरेच कमी होते.

आता मुख्य उपाय, म्हणजे दुसरे दार. एक दार उघडे असताना दुसरे बंद असलेच पाहिजे, हा नियम पाळता येईल अशी रचना पुढच्या दाराशी करायची. एकदा ती झाली की बाकीचे उपाय थोडे कमी पडले तरी चालते. ज्या घरांना ग्रिलचा पोर्च किंवा बंद व्हरांडा आहे, त्यांचे अर्धे काम आधीच झालेले आहे. ग्रिलला आतून जाळी बांधायची, वरची उघडी जागाही जाळीनेच बंद करायची आणि पोर्चचे फाटक आपोआप लागेल असे करायचे. फाटक बंद झाल्याचा आवाज ऐकल्यावरच घराचे दार उघडायचे. हीच जागा मांजराला उन्हात बसायलाही उपयोगी पडते.

रस्त्यालाच दार लागणाऱ्या घरांना चौकटीत जाळीचा दरवाजा बसवावा लागतो. त्यासाठी फार खर्चिक वस्तू शोधू नयेत. उद्यमबागेत किंवा आपल्या तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचे काम करणारा कोणीही तो बनवून देईल. त्याला काय सांगायचे, ते मात्र नीट ठरलेले असावे. चौकट लोखंडी चौकोनी पाइपची असावी आणि तिच्यात वेल्डमेश, म्हणजे छेदावर जोडलेली तारेची जाळी असावी, जिचे घर अर्धा ते पाऊण इंचाचे असेल. डासांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. डासही थांबवायचे असतील तर वेल्डमेशला बाहेरून बारीक स्टीलची जाळी लावावी. खालचा दोन फुटांचा भाग पत्र्याने बंद केला तर मांजराला बाहेरचे पाय आणि कुत्री दिसत नाहीत, आणि दारावर चढून जाळी हलवण्याची त्याची हौस कमी होते. जाळी वरच्या पट्टीपर्यंत गेलीच पाहिजे. गावाकडे शेळ्या-कुत्री आत येऊ नयेत म्हणून लावतात ते अर्धे दार किंवा बाळासाठीचे फाटक मांजराला अडवत नाही, कारण निरोगी मांजर उभ्या जागेवरून पाच-सहा फूट उंच उडी मारू शकते.

हा दरवाजा आपोआप बंद होणे आवश्यक आहे, नाहीतर आठवडाभरात तो पाचर लावून उघडा ठेवल्यासारखा सताड राहू लागतो. स्प्रिंगचे बिजागर स्वस्त असते, पण ते दार जोरात आपटते आणि मांजराची शेपटी किंवा पाय चिरडू शकतो. हायड्रॉलिक डोअर क्लोजर बसवणे अधिक सुरक्षित. त्यावर बहुधा दोन स्क्रू असतात: एक दाराचा मोठा फेरा किती वेगाने यावा हे ठरवतो आणि दुसरा शेवटच्या काही इंचांचा वेग. दोन्ही असे लावून घ्यावेत की दार न रेंगाळता येईल, पण अखेरीस हळूच चौकटीला टेकेल. कडी मांजराच्या पंज्याला न पेलणारी, वर उचलून सरकवायची असावी. दांड्याचे हँडल लोंबकळून उघडायला बरीच मांजरे शिकतात. असे हँडल असेल तर ते बदलून गोल मूठ बसवावी.

फ्लॅटमध्ये सेफ्टी डोअर बहुधा आधीच असते. त्याच्या नक्षीतील भोके मात्र मोठी असतात. आतून जाळी किंवा पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा लावला की काम होते. भाड्याच्या घरात मालकाच्या परवानगीशिवाय चौकटीला भोके पाडता येत नसतील, तर सोपा आणि माजघर यांमधील आतले दार हेच दुसरे दार समजावे आणि पुढचे दार उघडे राहणार असेल तेव्हा मांजराचा वावर माजघरापासून मागेच ठेवावा.

दाराजवळची जागा नीरस करणे

आपल्या घरांत चप्पल स्टँड पुढच्या दाराला लागून असतो, आणि मांजराला दबा धरायला त्याच्यासारखी जागा नाही. स्टँडच्या खालच्या कप्प्यात बसलेले मांजर वरून दिसत नाही, पण दाराची फट त्याच्या नाकासमोर असते. स्टँड पोर्चमध्ये किंवा बाहेर हलवावा. त्याने दुसरेही एक काम होते: दार उघडे ठेवून उंबरठ्यावर उभे राहत बुटांच्या नाड्या बांधण्याची सवय सुटते. त्या अर्ध्या मिनिटात माणूस वाकलेला, तोल सांभाळणारा आणि सर्वांत बेसावध असतो.

खाण्याची वाटी, पाणी, खेळणी, नखे घासायची फळी यांतले काहीही दाराजवळ नसावे. दाराजवळची खिडकी बाहेरचा रस्ता दाखवत असेल तर मांजर तेथे तासनतास बसते; त्याला तशीच, किंबहुना त्याहून चांगली खिडकी घराच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला करून द्यावी. परसातील चिमण्या दिसतील अशा खिडकीला आतून पक्की जाळी आणि बसायला रुंद फळी दिली, तर पुढच्या दाराचे आकर्षण आपोआप निम्मे होते.

जागेवर बसण्याची सवय

मांजर शिकवता येत नाही, हा समज चुकीचा आहे. ते कुत्र्यासारखे शाबासकीसाठी शिकत नाही. त्याला मोबदला लागतो, तो ताबडतोब लागतो आणि त्याच्या आवडीचा लागतो. मीठ-मसाला न घालता उकडलेल्या कोंबडीचे किंवा माशाचे वाटाण्याएवढे तुकडे उत्तम. सुकी मासळी खारवलेली असते, त्यामुळे ती टाळावी. हा खाऊ या सरावाव्यतिरिक्त कधीही देऊ नये. जेवणाच्या ताटातून तो एरवीच मिळत असेल तर त्याची किंमत राहत नाही.

दारापासून आठ-दहा फुटांवर, शक्यतो उंचावर, एक जागा ठरवावी. स्टूल, पाट ठेवलेली पेटी किंवा कपाटावरची फळी, काहीही चालेल. तेथून दार दिसावे, पण एका झेपेत गाठता येऊ नये. पहिले काही दिवस दाराचा संबंधच ठेवायचा नाही. खाऊची डबी वाजवायची, मांजर त्या जागेवर चढले की लगेच तुकडा द्यायचा, आणि दोन-तीन मिनिटांत थांबायचे. दिवसातून दोनदा, जेवणाच्या आधी, म्हणजे भूक असताना हा सराव घ्यावा. डबी वाजताच ते घराच्या दुसऱ्या टोकाकडून धावत येऊन जागेवर बसू लागले की पुढची पायरी घ्यावी.

आता मांजर जागेवर असताना एकाने दाराकडे दोन पावले टाकून परत यायचे आणि तुकडा द्यायचा. मग दाराला नुसता हात लावायचा. नंतर कडी वाजवायची, पण दार उघडायचे नाही. हा टप्पा घाईने ओलांडला जातो, आणि सराव फसण्याचे कारणही बहुतेक वेळा हेच असते. कडीचा आवाज हीच मांजरासाठी खरी शिट्टी असते. तो आवाज आल्यावर दाराकडे नव्हे तर जागेकडे धावायचे, हे पक्के झाल्याशिवाय दार उघडण्यात अर्थ नाही. त्यानंतर जाळीचा दरवाजा बंद ठेवून मुख्य दार बोटभर, मग वीतभर, मग पूर्ण उघडायचे, आणि प्रत्येक वेळी मांजर जागेवरून न उतरल्यास तुकडा द्यायचा. ते उतरले तर रागवायचे नाही. दार लावायचे, खाऊ द्यायचा नाही आणि पुढच्या वेळी एक पायरी मागे यायचे. शेवटी घरातील दुसऱ्याने बाहेर जाऊन घंटा वाजवायची, दार ठोठवायचे, मोठ्याने हाक मारायची. कोणत्या टप्प्याला किती दिवस लागतील हे मांजराच्या वयावर आणि आधी ते कितीदा निसटले आहे यावर अवलंबून असते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. दहा वेळा अडवले आणि अकराव्या वेळी मांजर निसटले, तर त्या एका यशाने दहा अपयशे पुसली जातात, आणि पुढच्या वेळी ते अधिक चिकाटीने प्रयत्न करते. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याला मधूनच एखादे छोटे बक्षीस लागावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून सराव सुरू असताना एकही पलायन यशस्वी होऊ न देणे, हे सरावाइतकेच महत्त्वाचे आहे. जाळीचा दरवाजा त्यासाठीच आधी बसवायचा असतो.

सराव चालू असतानाच एक जुनी सवय मोडावी लागते. कामावरून आल्यावर दारातच वाकून मांजराला कुरवाळणे कितीही गोड वाटले, तरी त्यामुळे दार ही मांजरासाठी भेटीची जागा बनते. आत यावे, दार लावावे, मांजराकडे न पाहता त्याच्या ठरलेल्या जागेपर्यंत चालत जावे आणि मग तेथे लाड करावेत. बाहेर पडताना उलटे करावे: निघण्याआधी खाऊचे चार-पाच तुकडे घराच्या आतल्या अंगाला फेकावेत आणि मांजर ते शोधत असताना शांतपणे बाहेर पडावे. येताना हातातली पिशवी दाराच्या फटीत पायाच्या उंचीवर पुढे धरून, दार थोडेच उघडून आत शिरावे.

येणारी-जाणारी माणसे आणि सण

मांजर शिकले तरी घरातील प्रत्येक जण शिकेलच, याची खात्री देता येत नाही. दूधवाले, गॅस सिलिंडर घेऊन येणारे, कामाला येणाऱ्या मावशी, मुलांचे मित्र या सर्वांशी बोलून ठेवावे. दारावर डोळ्यांच्या उंचीला एक पाटी लावावी. आपल्या भागात ती दोन्ही भाषांत हवी, कारण पार्सल घेऊन येणाऱ्या अनेकांना मराठी वाचता येत नाही: मराठीत ‘घरात मांजर आहे, दार लावून घ्या’ आणि खाली कन्नड लिपीत ‘बेक्कु इदे, बागिलु हाकि’. शक्य असेल तेथे दूध, पार्सल, वर्तमानपत्र यांसाठी दाराबाहेर पेटी किंवा टोपली ठेवून दार उघडण्याची वेळच कमी करावी. दाराच्या आत, कडीशेजारी मुलांसाठी मांजराचे चित्र चिकटवले तर त्याचा उपयोग मोठ्यांनाही होतो.

सर्वांत अवघड क्षण पाहुणे येण्याचा नसून जाण्याचा असतो. निघतो म्हणून उठलेले पाहुणे उंबरठ्यावर आणखी अर्धा तास उभे राहतात, आणि खऱ्या गप्पा तेथेच रंगतात. त्या अर्ध्या तासात दार कोण धरून उभे आहे, हे कोणीच पाहत नाही. पाहुण्यांना निरोप द्यायचा तो पोर्चमध्ये किंवा सरळ रस्त्यावर जाऊन, आणि आपल्या मागे दार लावून.

हळदी-कुंकू, बारसे, सत्यनारायण अशा दिवशी सरावावर विसंबू नये. मांजराला आतल्या एका खोलीत ठेवून खोलीला बाहेरून कडी घालावी. तेथे पाणी, खाणे, मातीचा किंवा वाळूचा ट्रे, त्याच्या वासाचे अंथरूण आणि लपण्यासाठी एक खोके असावे. वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आणि गणेश विसर्जनाला बेळगावात रात्री उशिरापर्यंत ढोल-ताशे व ध्वनिक्षेपक चालतात; दिवाळीत फटाके असतात. घाबरलेले मांजर कुतूहलाने नव्हे तर जीव वाचवण्यासाठी पळते, आणि अशा वेळी ते उघड्या दारातून समोर दिसेल तिकडे जाते. मिरवणूक गल्लीत येण्याच्या दोन-तीन तास आधीच त्याला खोलीत न्यावे, खिडक्या लावून पडदे ओढावेत आणि आवाज पूर्ण थांबल्यावरही लगेच न सोडता, ते आपणहून खाऊ लागेपर्यंत थांबावे.

करू नयेत अशा गोष्टी

दाराशी पाण्याचा फवारा मारणे, थाळी आपटणे, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारणे यांनी मांजर दाराला भीत नाही. ते माणसाला भिऊ लागते आणि माणूस नसताना प्रयत्न करते. उंबरठ्यावर डांबरगोळ्या ठेवणे, तिखट पसरणे किंवा फिनाईलने पुसून ओलसर ठेवणे हे प्रकार तर धोकादायक आहेत. फिनाईलमधील फिनॉलवर्गीय द्रव्यांचे विष मांजराच्या यकृताला नीट उतरवता येत नाही. ही द्रव्ये पंज्यांना लागतात, चाटण्यातून पोटात जातात आणि विषबाधा होते. डांबरगोळ्याही विषारीच. घरातील फरशी पुसण्यासाठीही फिनाईल टाळावे, आणि वापरलेच तर फरशी साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळेपर्यंत मांजराला तेथे येऊ देऊ नये. संत्र्याच्या सालीचा वास काही मांजरांना आवडत नाही, हे खरे. पण दारापलीकडे चिमणी दिसली की ते साल ओलांडूनच जाते.

आत मन रमावे म्हणून

मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वाधिक चपळ असते, आणि नेमके त्याच वेळी आपल्या घरात दाराची वर्दळ असते: सकाळी दूध आणि सडा, संध्याकाळी कामावरून आणि शिकवणीवरून परतणारी माणसे. त्यामुळे संध्याकाळी माणसे परतण्याच्या अर्धा तास आधी दहा-पंधरा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसाने त्याला पळवावे, अखेरीस पीस पकडू द्यावे आणि लगेच जेवण द्यावे. धावणे, पकडणे, खाणे आणि झोपणे हा त्याच्या शिकारीचा नैसर्गिक क्रम आहे. तो पूर्ण झाला की मांजर बहुधा अंग चाटत बसते आणि घंटेला फारसे महत्त्व देत नाही.

अंगपट्टा घालून त्याला बाहेर फिरवायचे असेल तर पुढच्या दारातून चालवत नेऊ नये. पट्टा घरातच घालावा, मांजराला पेटीत ठेवावे, दार ओलांडून गच्चीवर किंवा परसात गेल्यावरच पेटी उघडावी. स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडता येतो, हे त्याला शिकवायचे नाही.

तरीही निसटले तर

मागे धावू नये आणि मोठ्याने हाका मारू नयेत. धावणाऱ्या माणसापुढे मांजर अधिक लांब जाते. ते दिसत असेल तर खाली बसावे, नजर न रोखता डबी वाजवावी आणि घराचे दार उघडे ठेवून बाजूला व्हावे. घरात दुसरी मांजरे असतील तर आधी त्यांना आतल्या खोलीत घालावे.

ते दिसेनासे झाले असेल तर ते दूर गेले, असे गृहीत धरू नये. हरवलेल्या मांजरांविषयी 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे 75 टक्के मांजरे निसटल्या ठिकाणापासून 500 मीटरच्या आत सापडली होती. घरातच वाढलेले मांजर बहुधा पहिल्या आडोशाखाली दडून बसते आणि ओळखीच्या माणसाच्या हाकेलाही उत्तर देत नाही. म्हणून आधी आपलेच आवार हातांनी व डोळ्यांनी तपासावे: जिन्याखालची पोकळी, पाण्याच्या टाकीमागची जागा, जळणाचा ढीग, गाडीखाली आणि बॉनेटच्या आत, गटारावरील फरश्यांखाली, कौलांच्या वळचणीला. नंतर दोन्ही बाजूंच्या चार-पाच घरांत जाऊन शेजाऱ्यांच्या परवानगीने स्वतः पाहावे. ‘आमच्याकडे आले नाही’ या उत्तरावर थांबू नये, कारण त्यांनी खोलीत पाहिलेले असते, अडगळीत नाही. बंद गाळे, गोदामे आणि शेजारच्या गाड्यांचे शेडही उघडून घ्यावेत.

सर्वांत चांगली वेळ रात्री अकरा ते पहाटे, रस्ता शांत झाल्यावरची. बॅटरी डोळ्यांच्या उंचीला धरून आडोशांत फिरवली तर मांजराचे डोळे हिरवट चमकतात. दाराशी त्याचे अंथरूण आणि वासाचा मासा ठेवावा. वाळूचा ट्रे बाहेर ठेवण्याचा सल्ला अनेक जण देतात. पण त्याच्या वासाने गल्लीतला दांडगा बोका आला तर आपले मांजर आणखी खोल दडते, त्यामुळे अंथरूणच पुरेसे. स्पष्ट छायाचित्र, रंग, ठळक खूण आणि फोन क्रमांक यांसह संदेश मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून गल्लीच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकावा. पहाटे रस्त्यावर असणारे दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी मुले आणि सफाई कर्मचारी यांना छायाचित्र प्रत्यक्ष दाखवावे. त्यांच्याइतके बारकाईने गल्ली कोणी पाहत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत मांजर सापडले नाही तरी शोध थांबवू नये. महिन्यानंतर परतलेली मांजरेही असतात.

मांजर परत आल्यावर त्याला एका खोलीत ठेवून पाणी व थोडे खाणे द्यावे आणि केसांत बोटे फिरवून जखमा शोधाव्यात. चावा लागलेली छोटी छिद्रे वरून बुजतात आणि दोन-चार दिवसांनी आत पू होतो, त्यामुळे जखम किरकोळ दिसली तरी पशुवैद्यकाला दाखवावी. लस दिलेली असली तरी बाहेर चावा झाल्याची शक्यता त्यांना सांगावी. पकडताना आपल्यालाच चावा किंवा ओरखडा बसला असेल तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आणि मांजर नेमके कोणत्या वेळी, कोणाच्या हातून आणि कोणत्या फटीतून गेले, ते घरातील सर्वांना विचारून त्याच संध्याकाळी ती जागा बंद करून घ्यावी. पुढचा प्रयत्न बहुधा तेथूनच होतो.